परातीतलं नितळ पाणी

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. यंदा निवडलेले बारा जण ओळीने बसले, ते एकजात घरूनच साबणाने पाय धुऊन आले होते. आमचे पाळकसाहेब हल्ली स्वतःला ‘प्रेषित’ म्हणवून घेतात, बाहेरच्या फ्लेक्सवरही तेच छापलंय. ते प्रत्येकापुढे वाकले, पाणी ओतलं, पाय पुसले. शेवटपर्यंत परातीतलं पाणी नितळच राहिलं.

मला ते बघवेना. येशूने पाठवलेले ते पहिले प्रेषित गावोगाव पायी हिंडायचे, त्यांच्या पायांना धूळ असायची. आमच्यातलं कोण कुठे गेलं? वाडीवरची सायमनची आई अंथरुणाला खिळून, पाळक घरी येऊन प्रभुभोजनाची भाकर देतील म्हणून वाट पाहतेय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

विधी संपल्यावर मी विचारलं, “पाळकसाहेब, उद्या वाडीवर जायचं का?”

“आता कशाला?” ते हात पुसत म्हणाले. “परवाच माती दिली तिला. प्रार्थनाही घरच्यांनीच केली म्हणे.”

झाडलोट करणाऱ्या मावशींनी परात उचलली. इतकं स्वच्छ पाणी त्यांना टाकवेना. त्यांनी ते परत पिंपात ओतलं.