इशबेलच्या फोर्कातली हवा

फोर्ट विल्यमच्या डोंगराखाली आमचं सायकलींचं दुकान आहे. उतारावरच्या शर्यतींच्या सायकलींचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणारा दुहेरी दांडा, जुळवून द्यावा तो माझ्या नवऱ्यानं, स्ट्रूअननं. हा फोर्क जवळजवळ वीतभर दबतो, आणि आत हवा किती भरायची ते स्वाराच्या वजनावर ठरतं. स्ट्रूअन स्वाराला हेल्मेट-चिलखतासकट एकदाच काट्यावर उभं करतो आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहितो. मग ती काळ्या दगडावरची रेघ. एकतीस वर्षं मी हा हेका सोसते आहे.

इशबेल मकफी आमची लाडकी. गेल्या उन्हाळ्यात ती उतारावर पडली, जबडा मोडला, चार महिने नळीनं सूप प्याली. यंदा पुन्हा सायकलवर बसली खरी, पण खडक आले की सायकल हातांना हिसके देत वाट सोडायची आणि ही ब्रेक दाबायची. शनिवारी शर्यत, आणि गुरुवारी ती दुकानात येऊन म्हणाली, "स्ट्रूअन, मी नाव काढून घेतेय. ही सायकलही विकून टाक. माझ्यात दमच उरला नाही."

स्ट्रूअननं भिंतीकडे बोट दाखवलं. "फोर्क चोख आहे. मनातली भीती आहे ती, जाईल हळूहळू."

माझं डोकंच फिरलं. "भीती म्हणे! अरे शहाण्या, हिची शर्यतीची विजार मीच परवा दोन इंच आत घेतली. विजारीला कळलं ते तुझ्या भिंतीला कळू नये?"

मग त्यानं तिला पुन्हा काट्यावर चढवलं. नऊ किलो कमी! सायकलवर पॅडलवर उभी केली, तर फोर्क किती दबला ते दाखवणारं रबरी कडं अडीच बोटं सरकायला हवं ते जेमतेम दीड बोट सरकलं. फोर्क दगडासारखा ताठ होता. त्यानं थोडी थोडी हवा सोडली, दबलेला फोर्क किती झटकन वर येतो ते ठरवणारा खालचा स्क्रू दोन खटके सैल केला, पुन्हा मोजलं.

"जा, एक फेरी मारून ये," तो म्हणाला.

उताराच्या वाटेवरचे शेवटचे खडक आमच्या दारातून दिसतात. चिलटं तोंडावर बसत होती, तरी आम्ही दोघं हललो नाही. पुन्हा पडली तर?

इशबेल आली. खडकांवरून सरळ, ब्रेकला बोट न लावता आली आणि आमच्यापुढे थांबली.

"थेरड्या!" ती हसत होती, रडतही होती. "तीन महिने मी स्वतःला भित्री म्हणत होते रे!"

"चूक माझी, पोरी," स्ट्रूअन म्हणाला. "तुझी नव्हे."

हे शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

"शनिवारचं नाव काढून घ्यायचं ना?" मी मुद्दाम विचारलं.

"गप गं!" म्हणत तिनं डोळे पुसले आणि सायकल घेऊन वर जाणाऱ्या रोपवेच्या रांगेत उभी राहिली.