पंप हाताशी ठेवा

लेकरांच्या दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत, पुड्या बांधता बांधता आपोआप साचतात. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि मी कंपाउंडर होतो. जिकडे तिकडे नव्या ऑफिसांचं खोदकाम, वर पावसाचा पत्ता नाही. धुळीनं निम्मी लेकरं धापा टाकत यायची. डॉक्टरांचा हट्ट एकच, "दम लागला की लगेच दम्याचा पंप द्या. पंप हाताशी ठेवा!"

*

मुरुडच्या एका शेतकऱ्याला डॉक्टर म्हणाले, "पोराला अॅलर्जी आहे. धुळीपासून लांब ठेवा."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "ठिवतो की साहेब. कोणत्या जिल्ह्यात ठिवू?"

डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला.

*

एका मास्तरांना डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी बिडी ओढतं?"

"छे! मी दारात बसून ओढतो."

"आणि घरात वारं कुठून येतं?"

"दारातूनच. खिडक्या बंद असतात. पोराला त्रास होतो ना!"

*

पंप तोंडात धरून कसा ओढायचा, ते डॉक्टर स्वतः करून दाखवायचे. महिनाभरात गावात बोभाटा झाला, "डॉक्टरलाच दमा हाय, त्यो आपल्याला काय बरं करतो!"

मग दाखवायचं काम माझ्याकडे आलं. माझं लग्न व्हायचं होतं. मुखेडचं एक चांगलं स्थळ त्यातच गेलं.

*

उदगीरकडची एक आजी नातीला घेऊन आली. पोर सात वर्षांची, ओठ निळे पडलेले. छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. मीच उचलून आत नेली. इंजेक्शन झालं, ऑक्सिजन लावला. तासाभरानं पोरीनं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठे डॉक्टरांचा आवाज चढला.

"मागच्या खेपेला पंप दिला होता ना? कुठाय?"

"देव्हाऱ्यात हाय," आजी म्हणाली.

"मग दिला का नाही?"

"बिनआंघुळीचं देव्हाऱ्याला कसं शिवू? चार दिस झाले, टँकर आला न्हाई."

"अहो आजी, औषध देव्हाऱ्यात कशाला ठेवलंत?"

आजीनं पदरानं नातीचं कपाळ पुसलं.

"लेकराचा जीव हाय की त्यात. मंग कुठं ठिवू?"