काचपट्टीवरचा साक्षीदार

भिसेगावच्या पॅथॉलॉजिस्ट बाई एकट्या रंगावर कधीही विश्वास ठेवीत नसत. रुग्णाच्या गाठीचा काप काचपट्टीवर घेतला, की त्याच पट्टीच्या कोपऱ्यात दुसऱ्या एका गाठीचा कण बसवीत. शोधायचे प्रथिन जिच्यात निश्चित आहे, अशा गाठीचा. प्रथिन असले, की रंग तपकिरी येतो. त्याला त्या ‘साक्षीदार’ म्हणत. “आधी हा तपकिरी झाला पाहिजे. मग पेशंटचं बोलू.”

मी त्यांच्याकडे प्रथम गेलो तो नोटिशीचा मसुदा खिशात घालून. पत्नीच्या स्तनातील कर्करोगाच्या गाठीत ते प्रथिन नाही, असा अहवाल एका खाजगी प्रयोगशाळेने दिला होता. आणि प्रथिन नसेल, तर त्यावर नेमका मारा करणारे औषध तिला मिळणार नव्हते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही तो अहवाल पटला नव्हता. मी ग्राहक संरक्षण कायद्यावर बोलू लागलो, तशी पत्नीने माझी बाही ओढली.

“आवो, नंतर भांडा तुमी. बाईंना गाठ बघू द्या की.”

“वहिनी, घरीही हे असेच बोलतात?”

“बोलतात. मी तवर भाजी निवडून घेते.”

बाईंनी त्या प्रयोगशाळेतून त्यांनी रंगवायला वापरलेलेच रसायन मागवले. एक काप त्याने रंगवला, दुसरा स्वतःकडच्या रसायनाने. मग मला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. पहिल्या पट्टीवर पत्नीचा काप निळसर होता, पण साक्षीदारही निळसरच. दुसरीवर दोन्ही गडद तपकिरी.

“साक्षीदारच मुका, वकीलसाहेब, तर निकाल कसला? त्यांची बाटली बिघडलीय. साक्षीदार बसवला असता, तर त्यांनाही कळलं असतं.”

मी वकील नव्हे. ही पदवी त्यांचीच. खटला भरतो, असे मी संतापून म्हणालो.

“खुशाल भरा. पण त्याच बाटलीनं आणखी कुणाकुणाच्या गाठी रंगवल्या, ते आधी विचारा. वहिनी सुटल्या. बाकीच्या अजून अडकल्यात.”

नोटीस बाजूला ठेवून, ते सर्व काप पुन्हा रंगवावेत, असे पत्र मी लिहिले. बाईंनी त्यातली विशेषणे खोडली. “रागानं कापलं की काप जाड निघतो. पत्राचंही तसंच.” प्रयोगशाळेने चूक मान्य केली आणि ते सर्व काप पुन्हा रंगवले.

पुढे बाई मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. पत्नीचे औषध चालू होते आणि गाठ आकसत होती. एकदा रुग्णालयात शेजारच्या खाटेवर रसायनी गावच्या एक पेशंट सलाइन लावून पडल्या होत्या. “माझा रिपोर्ट मागाहून बदलला,” त्या म्हणाल्या, “म्हणून ह्ये औषध मिळालं. कसा बदलला, देवाला ठावं.”

मी घसा खाकरला. पत्नीने माझ्याकडे पाहिले.

“सांगा,” ती म्हणाली. “पण आधी बाईंचं सांगा.”