नऊ भोकांचं टेबल

ते टेबल खालून उघडलं आणि मी बाहेर पळत जाऊन केळीच्या बुंध्याशी ओकलो. सुतारकामात माझं निम्मं आयुष्य गेलंय. कपाटामागे मेलेल्या घुशी, देव्हाऱ्यात पाकोळ्यांची लेंडी, गाद्यांमधले किडे, सगळं या हातांनी काढलंय. जनावराच्या घाणीचा मला राग येत नाही. माणसाच्या तोंडातून आलेली घाण मात्र अजून आठवली की जेवण जात नाही.

मी मूळचा रनाळ्याचा. तरुणपणी बारा वर्षं सुरतेला बिलियर्डची टेबलं बसवणाऱ्या कारखान्यात होतो. टेबलावरचा दगड समतळ करणं, त्यावर बनात म्हणजे हिरवं लोकरी कापड ताणून चढवणं, कडेचे रबर बदलणं, ही कामं तिथंच शिकलो. नंतर नंदुरबारला परत येऊन स्वतःचं दुकान टाकलं. इकडे बिलियर्ड कोण खेळतो? त्यामुळे दारं, पलंग, शाळेचे बाक करतो. माझ्याबरोबर चौदा वर्षं एक जोडीदार आहे. तो डोंगरातल्या, काठीकडच्या एका आदिवासी पाड्यावरचा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो, तो मला मिस्तरी. घरी तो त्याच्या बोलीत बोलतो, माझ्याशी मराठीत. लाकूड नुसतं हुंगून ते कुठल्या झाडाचं आणि किती वाळलेलं ते सांगतो. माझ्यापेक्षा चांगला कारागीर आहे, हे मी कधी गिऱ्हाइकासमोर बोललो नव्हतो.

लोणखेड्याच्या पुढे एका शेतकऱ्यानं केळीच्या मळ्यात पाहुण्यांसाठी खोल्या, तलाव, लग्नाचं लॉन असं बांधलं होतं. दुसऱ्या एका तालुक्याच्या गावात बंद पडलेला क्लब पाडत होते, तिथून त्यानं एक टेबल उचलून आणलं. मी सुरतेला होतो हे कुणीतरी त्याला सांगितलं, म्हणून त्याचा फोन आला.

आम्ही दोघं गेलो. टेबल खतांच्या गोण्यांच्या गोदामात ठेवलं होतं. बनात फाटून लोंबत होती आणि तिच्यावर कसले कसले काळे डाग होते.

मालक म्हणाला, "स्नूकरनं शे. बाजूना खिसा कोनी तरी काढी लिन्हात. तुम्ही नवा लाई द्या."

मी बनात बाजूला सारली. बाजूला खिसे कधीच नव्हते. भोकं टेबलाच्या पृष्ठावरच होती, एकूण नऊ. आकारानं स्नूकरच्या टेबलाच्या निम्मंही नव्हतं. एका टोकाला नाणं टाकायची फट होती. असलं टेबल सुरतेला एकदाच पाहिलं होतं, एका माणसानं विलायतेहून आणलेलं. तिकडे दारूच्या गुत्त्यात हा खेळ चालतो. एकाच बाजूला उभं राहून खेळायचं. भोकांच्या पुढे लाकडी सोंगट्या उभ्या करतात, त्या पडल्या की गुण जातात. भोकात गेलेला चेंडू आतल्या पन्हळीतून घरंगळत खेळणाऱ्याकडे परत येतो. नाण्यानं घड्याळ चालू होतं, वेळ संपली की आत एक दांडी पडते आणि चेंडू यायचे थांबतात.

हे सगळं मी मालकाला सांगितलं. त्याला फक्त 'विलायत' ऐकू आलं. "म्हंजे इंग्रजना वखतनं?"

"उघडल्याशिवाय सांगता येणार नाही," मी म्हणालो.

मग आम्ही खालची फळी काढली.

क्लबात तो खेळ बहुधा कधीच बंद पडला असावा. मग त्या टेबलाभोवती पत्ते खेळले गेले असणार, आणि पत्ते खेळताना त्या नऊ भोकांत थुंकलं गेलं असणार. किती वर्षं, कोण जाणे. पन्हळ्या गच्च भरल्या होत्या. तपकिरी, घट्ट, वर वाळलेला आणि आत ओला असा थर. त्यात तंबाखूच्या पुड्या, सुपारीची खांडकं, विडीची थोटकं, एक सोन्यासारखी दिसणारी दातावरची टोपी. ओलसर भागात पांढरे किडे वळवळत होते. वास गोड होता, हे सगळ्यात वाईट. चुन्याचा, काताचा, गुलकंदाचा कुजका गोड वास.

मी ओकून परत आलो तेव्हा मालक रुमाल नाकाला लावून गोदामाच्या दारात उभा होता. माझ्याकडे बघून, पण जोडीदाराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तुम्ही नका हात लावू, मिस्तरी. याले करू द्या. या लोकेसले सवय ऱ्हास."

तो हे रागानं बोलला नाही. माझी काळजी घेतल्यासारखा बोलला. मी रुमालानं तोंड पुसत होतो. पुसतच राहिलो.

दादानं हातातली पटाशी खाली ठेवली. "मी लाकडाचं काम करतो," एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन निंबाखाली बसला. मालक माझ्याकडे बघून हसला, जणू आम्हा दोघांचं काही तरी ठरलं होतं. मीही थोडा हसलो. त्या हसण्याची मला आज किड्यांपेक्षा जास्त शिसारी येते.

घाण मीच काढली. तीन दिवस लागले. पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायची, बादलीत टाकायची, मळ्याच्या कडेला खड्ड्यात पुरायची. मग कडुलिंबाचा पाला उकळून धुवायचं, मग फिनेल, मग ऊन. घरी बायको मला अंगणातच थांबवून डोक्यावर पाणी ओतायची. तरी वास नखांत राहायचा. हातानं घास उचलला की तो गोड वास यायचा, म्हणून मी ते तीन दिवस चमच्यानं भात खाल्ला. बायको म्हणाली, "सोडी द्या ते काम." मी ऐकलं नाही. आपण चूक केली आणि तिची शिक्षा भोगतोय, असं काहीसं मनात होतं. पण ती चूक ज्याच्याबाबत झाली त्याला मी काहीच बोललो नव्हतो.

चौथ्या दिवशी दादा न बोलावता कामावर आला. आम्ही कडा सोडवल्या, वरचा दगड उचलला. विलायती टेबलांना पाटीचा काळा दगड असतो. हा करडा होता. मी पाणी मारलं, पुसलं, आणि लक्षात आलं की ही शहाबादी फरशी आहे. आपल्या ओसरीत असते तीच, फक्त घासून घासून आरशासारखी केलेली. भोकं हातानं पाडलेली, पण एकही कड फुटलेली नाही.

दादा चौकटीवर वाकला होता. त्यानं एक कोपरा रंधून हुंगला. "साग. आपल्याच डोंगरातला," तो म्हणाला. "आणि हे बघ."

प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं आकडे होते. एक, दोन, तीन, देवनागरीत. आतल्या फळीवर लिहिलं होतं, 'ही बाजू वर'. दादानं ते एकेक अक्षर जुळवत वाचलं. घड्याळाची यंत्रणा तर गजराच्या घड्याळाचे दात आणि सायकलची स्प्रिंग जोडून केली होती. म्हणजे कुणा साहेबाचं टेबल एकदा बघून, मापं घेऊन, आपल्याच भागातल्या कुणी सुतारानं ते बनवलं होतं. एकही खिळा नव्हता. इतक्या वर्षांच्या थुंकीत भिजूनही सांधे सुटले नव्हते.

मी सुरतेला पाहिलेल्या टेबलापेक्षा हे काम सरस होतं. ज्यानं हे केलं त्याच्या कामात माणसं थुंकत होती.

मालकाला सांगितलं तर त्याचं तोंड पडलं. "म्हंजे डुप्लिकेट?"

"डुप्लिकेट नाही. हे मुळातच इकडे बनवलंय. अशी दोन टेबलं नसतील."

"पन इंग्रजनं नही ना." तो जरा विचार करून म्हणाला, "एक पितळी पाटी लाई द्या. लंडन लिखा. पाव्हनासले बरं वाटस."

मी ती पाटी लावली. नाही म्हणता आलं असतं. नंदुरबारला ढाली आणि चषक विकणाऱ्या दुकानातून पितळेच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं कोरून घेतली. मग व्हिनेगर आणि मीठ घातलेल्या ओल्या भुशात ती दोन दिवस पुरून ठेवली. बाहेर काढली तर शंभर वर्षांची वाटत होती. ही युक्तीही सुरतेचीच. मी स्क्रू पिळताना दादा बघत होता.

"काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. लंडनच्या कारखान्यात बनलेलं, साहेबाच्या बंगल्यासाठी.

"आणि ज्यानं बनवलं तो?"

"त्याचं नाव कुठं माहीत आहे आपल्याला," मी म्हणालो. हे खरं होतं आणि उत्तर म्हणून बेकार होतं.

बाकी काम आम्ही जीव ओतून केलं. चपडी लाखेच्या पॉलिशचे चौदा हात दिले. हिरवी बनात सुरतेहून मागवली. सोंगट्या दादानं सागाच्याच तुकड्यांतून कातल्या, एकसारख्या. पाणसळ ठेवली तर बुडबुडा मधोमध थांबला.

उद्घाटनाला मालकानं आम्हाला बोलावलं. पांढऱ्या कपड्यांतली तीसेक माणसं टेबलाभोवती जमली होती. मालक सांगत होता की हे एका इंग्रज कलेक्टरच्या बंगल्यातलं आहे, मेमसाहेब खेळायची. मेमसाहेब त्यानं तिथंच जन्माला घातली. एकानं शंका काढली तसा तो माझ्याकडे वळला. "मिस्तरीले इचारा. सुरतना माणूस शे."

सगळे बघू लागले. माझ्या तोंडात तीच गोड चव आली.

मी म्हणालो, "हे टेबल आपल्याच भागातल्या कुणी सुतारानं बनवलंय. दगड शहाबादी आहे. पाटी मी लावली, मागच्या महिन्यात."

मग मालक मोठ्यानं हसला. "मिस्तरी गंमत करी ऱ्हायना." आणि सगळे हसले. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. मग त्यांनी त्या पाटीजवळ उभं राहून फोटो काढले. खोटं पकडलं गेल्याचा मालकाला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिथं कुणालाच खरं नको होतं, ते पानाच्या पिचकारीसारखं बाजूला पडलं.

जेवायला मला आत टेबलाशी बसवलं. दादा कुठं दिसेना. बघितलं तर भांडी घासायच्या नळाशेजारी, कागदाच्या थाळीत त्याला वाढलं होतं. तो उभा होता, थाळीला हात लावला नव्हता. मी माझं ताट तसंच सोडून त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "चल, दादा." आम्ही मोटारसायकलवर बसलो आणि निघालो.

प्रकाशा गावात तापीच्या पुलाअलीकडे चहासाठी थांबलो.

"आज बोललास," तो म्हणाला.

"हो."

"टेबलासाठी बोललास. त्या दिवशी माझ्यासाठी का नाही बोललास?"

त्याचा आवाज चढला नव्हता. एखाद्या सांध्यात फट का राहिली असं विचारावं तसं त्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, "घाबरलो नव्हतो. मला ते नेहमीचंच वाटलं. म्हणून गप्प बसलो." हे उत्तर ऐकायला किती घाणेरडं आहे ते मला बोलता बोलताच कळलं, पण दुसरं कुठलं खरं नव्हतं. मग मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. चहा पिऊन त्यानं पेला विसळून ठेवला.

पुढचे पंधरा दिवस तो आला नाही. मी फोन केला नाही. कुठल्या तोंडानं करणार होतो? सोळाव्या दिवशी सकाळी तो दुकानात आला, एप्रन बांधला आणि म्हणाला, "यापुढं नवीन गिऱ्हाइकाकडे पहिलं बोलणं मी करणार. तू टेप धर."

तेव्हापासून तसंच चाललंय. परवा एका शाळेत बाकांचं काम बघायला गेलो होतो. मुख्याध्यापक मलाच विचारत होते, दादा उत्तरं देत होता. दोन-तीनदा तसं झाल्यावर ते त्याच्याकडे वळले. मी खिडकीपाशी वाकून माप घेत होतो, चार फूट दोन इंच.