मार्थाबाई आणि ईडलिंबाचा चीजकेक

तहसील कचेरीबाहेर माझे अर्जलेखनाचे टेबल गेली पंचवीस वर्षे आहे. माझा तीन पानी अर्ज आजवर एकाच व्यक्तीने तोंडावर नाकारला, त्या मार्थाबाई. पतीच्या निधनानंतर त्यांना जमिनीला वारस म्हणून नाव लावायचे होते. मी वाचून दाखवलेला मजकूर त्यांनी शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "अहो वकीलसाहेब, मला सातबाऱ्यावर नाव पाहिजे, राज्य नको. चार ओळींत लिहा." मी वकील नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही पुढे अरे-तुरेवर आल्यावरही त्यांनी मला 'वकील'च म्हटले, आणि मीही ती चूक कधी दुरुस्त केली नाही.

होळी गावात त्यांचे घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते. मागे भाजीची वाडी आणि विहिरीपाशी ईडलिंबाचे, म्हणजे जाड सालीच्या मोठ्या लिंबाचे, झाड. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून त्या परतल्या की मी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊ लागलो. तरुणपणी मुंबईत एका पारशी कुटुंबाकडे स्वयंपाकाला असताना त्या चीजकेक शिकल्या होत्या. तो फक्त घरच्या सणाला होई. मी तो कधी चाखला नव्हता; मात्र विषय निघाला की जाणकारासारखी मान हलवीत असे.

कृतीचे वर्णन करताना बाई रंगून जात. आदल्या दिवशी दही फडक्यात बांधून टांगायचे, चक्का आणि पनीर एकजीव घोटायचे, त्यात घट्ट गोड दूध, ईडलिंबाचा रस आणि किसलेली साल, शेवटी अंडी. बिस्किटांच्या चुऱ्यावर हे ओतून भांडे पाण्याच्या थाळीत ठेवून ओव्हनमध्ये सारायचे. "मधोमध जरा थरथरला पाहिजे," त्या सांगत. "पार घट्ट झाला की मेला." आणि सालीविषयी म्हणत, "पिवळं तेवढं आपलं. खालचं पांढरं कडू. वास बदलला की हात थांबवायचा."

पुढे एका तापातून त्या उठल्या, पण वास आणि चव दोन्ही गेली. चष्म्यातूनही पिवळे-पांढरे नीट कळेना. ही गोष्ट त्यांनी घरात लपवली. एकदा दूध करपून धूर झाला तरी त्यांना समजले नाही, तेव्हा मुलगा नेल्सन म्हणाला, "आई, तुला आता विसरायला होतंय. स्वयंपाकघरात जाऊ नको."

नातीचा पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये प्रथमच पवित्र प्रसाद घेण्याचा विधी, जवळ आला. आदल्या दिवशी बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावले आणि दार लोटून खरी हकीकत सांगितली. "हा केक बिघडला तर नेल्सन मला चुलीपाशी उभी राहू देणार नाही. तुला चव ठाऊक आहे ना? अंडी घालायच्या आधी चाख आणि खरं सांग."

मी चमचाभर मिश्रण तोंडात घातले. ते कडू लागले. परदेशी पदार्थ आहे, त्याची चव अशीच असणार, असा मी तर्क केला आणि गंभीरपणे म्हणालो, "उत्तम. यथायोग्य."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या मुलांनी पहिलाच घास बशीत काढला. नेल्सन म्हणाला, "आई, हे कडूजहर आहे!" मी भिंतीपाशी बशी धरून उभा होतो. बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिले. "साल मीच किसली," त्या म्हणाल्या आणि भांडे उचलून आत गेल्या. ओव्हन त्याच संध्याकाळी माळ्यावर गेला.

मी क्षमा मागायला गेलो तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या. "कधी खाल्ला होतास का?"

"नाही."

"अरे वकील, मग 'मला कळत नाही' एवढंच बोलायचं होतंस. त्याला काय अर्जासारखं तिकीट लावायला लागतं?"

दुसऱ्याचे गुपित फोडणे माझ्या व्यवसायात अक्षम्य. तरी मी तसाच उठलो आणि वाडीत नेल्सनला गाठून सारे सांगितले. त्यांची स्मृती शाबूत आहे, गेला तो वास आणि चव. आणि ज्याच्यावर त्यांनी भिस्त ठेवली, त्या मला काही कळत नव्हते. त्याने हातातला पाण्याचा पाइप खाली टाकला. "मला का नाही बोलली?" एवढेच तो म्हणाला.

रविवारी ओव्हन खाली आला. किसणी घेऊन नेल्सन बसला होता, बाई शेजारी खुर्चीत.

"नाकाजवळ धर. आता?"

"तोच वास आहे, आई."

"आता?"

"थांब... बदलला."

"मग हात काढ की, गाढवा!"

त्यानंतर दोन नाताळ त्यांनी असेच केले. बाई जाऊन आता वर्ष होत आले. मला त्या आठवतात, ओव्हन खाली आला त्या रविवारी संध्याकाळी होत्या तशा. नातीने पहिला तुकडा संपवून पुन्हा बशी पुढे केली, आणि मग बाईंनी स्वतःसाठीही एक कापला. त्यांना काहीच चव लागणार नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक होते; सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"बघता काय?" घास घोळवीत त्या म्हणाल्या. "गार लागतंय. आंबटानं दात शिवशिवतात. बाकीचं माझं मला आठवतं."