झटकलेलं फडकं

सकाळी काजूच्या बागेत माझी लेक पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढत होती. मागून मी पिशवी घेऊन. फडक्यावर तिळाएवढे काळे ठिपके जमले. "बाबा, जरा धरा," ती म्हणाली. मी संसारी माणूस. फडकं छान झटकलं आणि घडी घातली.

"बाबा, त्या गोचिडी होत्या! त्याच तर हव्या होत्या!"

माकडतापाचा विषाणू या गोचिडींतून येतो. गेल्या मोसमात याच तापात शेजारच्या सुलूवहिनींच्या हिरड्यांतून रक्त आलं. त्या वाचल्या, सगळेच का वाचत नाहीत, हे लेक शोधते आहे. तिचा विषय नॉनकोडिंग आरएनए. पेशीतले हे धागे प्रथिनं बनवत नाहीत, म्हणून शहाण्यांनी त्यांना एकेकाळी कचऱ्यात टाकलं. ती म्हणते, तापात शरीरानं किती भडकायचं, याचा लगाम त्यांच्याही हाती असतो.

"म्हणजे शास्त्रज्ञही माझ्याच पंगतीला!"

"पंगतीत बसा, फडक्याला हात लावू नका," म्हणत ती पुन्हा पहिल्या झाडापासून वाकली.

कुंपणापलीकडून सुलूवहिनींनी विचारलं, "काय सांडलं हो भाऊजी तिचं?"

"मी सांडलं. ती तुमचा ताप शोधतेय," मी छाती फुगवून सांगितलं. पिशवी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.