सातचा जादा तास

अकोल्याहून मामांकडे अमरावतीला शिकायला आलो तेव्हा माझ्या डोक्यावर काळी टोपी होती आणि डोक्यात भरपूर हवा. पहिल्याच आठवड्यात टोपी गेली, हवा राहिली. हायस्कुलात त्या साली मॅट्रिकच्या मुलांमध्ये उघड्या डोक्यानं फिरायची टूम निघाली होती. भांग डावीकडून, केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरावी, आणि खिशाला फाउंटन पेन. मामा वकील. त्यांनी मला पहिल्यांदा उघड्या डोक्यानं पाहिलं तेव्हा विचारलं, "कोणाचं सुतक आहे रे?" पेन माझ्याकडे नव्हतंच. मी मामांच्या मोडक्या पेनाचं नुसतं टोपण खिशाला लावून हिंडायचो. एकदा इंग्रजीच्या मास्तरांनी हजेरीवर सही करायला पेन मागितलं आणि मी अख्ख्या वर्गादेखत त्यांच्या हातावर ते टोपण ठेवलं.

एवढी फजिती झाल्यावर शहाणा मुलगा गप्प बसला असता. मी विनोदी झालो. दुसऱ्यांवर हसायला लावलं की आपल्यावर कोणी हसत नाही, एवढं मला कळलं होतं.

माझ्या बाकावरचा सोबती भातकुलीच्या रस्त्यावरच्या एका माळ्याचा मुलगा. त्यांच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेला हा पहिलाच. त्याची भूमिती पक्की, इंग्रजी कच्चं. माझं नेमकं उलट, निदान मी तसं सांगायचो. एकदा मामांशी वाजलं म्हणून मी सकाळी सातलाच घराबाहेर पडलो आणि शाळेत गेलो, तर हा मागच्या व्हरांड्यात पुस्तक उघडून बसलेला.

"काय बे, तुलेही घरून हाकललं काय?"

"अभ्यास करून रायलो. घरी बसलो का कोणी ना कोणी हाक मारतेच. बस न."

मी बसलो. त्याच्या वहीतली प्रमेयं उतरवून घेतली आणि मग रोजच जाऊ लागलो. बदल्यात मी त्याला इंग्रजी शिकवायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात मी मास्तरांच्या नकला करायचो आणि तो पोट धरून हसायचा. शाळा अकराला भरते, मग याला घरून सातला कसं सोडतात, हे विचारावं असं मला चार महिन्यांत एकदाही सुचलं नाही.

जानेवारीत गॅदरिंग आलं. आमच्याकडे गॅदरिंगला नाटक असायचं, हेडमास्तरांचं भाषण असायचं, आणि नागपूरच्या कॉलेजांतून नुकताच आलेला फिशपाँडचा कार्यक्रम असायचा. चिठ्ठीत कोणाची तरी खोडी काढायची, ती सगळ्यांसमोर वाचायची, आणि ज्याच्यावर चिठ्ठी त्यानं मुकाट्यानं रंगमंचावर येऊन नमस्कार करून भेटवस्तू घ्यायची. रागवायचं नाही, हा नियम. चिठ्ठ्या लिहायचं काम मॅट्रिकच्या वर्गाचं, म्हणजे माझं. जवळच्या मित्राला फिशपाँड दिला नाही तर तो त्याचा अपमान, अशीही आमची समजूत होती. तेव्हा बाकावरच्या त्या सोबत्यावर मी प्रेमानंच लिहिलं:

"शाळा भरते अकराला, हा हजर सातला,
शिपाईदादा, झोपा तुम्ही, हा आहे दार उघडायला!"

आणि बाजारातून एक मातीचा कोंबडा आणला.

त्या दिवशी पाहुण्यांचे हार त्याच्याच घरून आले होते. त्याचे वडील ते घेऊन आले. हेडमास्तरांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत, धुतलेलं पागोटं बांधून मागच्या दाराशी उभे राहिले. मुलगा शिकतो ती जागा त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. मी चिठ्ठी वाचली. "रोज बरं का, रोज सातला!" असं वरून पदरचंही घातलं. हॉल हसला. तो वर आला, कोंबडा घेतला, नमस्कार केला. पण त्याची नजर माझ्याकडे नव्हती, मागच्या दाराकडे होती. मी वळून पाहिलं तेव्हा दाराशी कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मामांची सायकल घेऊन मी त्यांच्या मळ्यात गेलो. तो विहिरीपलीकडं मोट हाकत होता. मला पाहिलं आणि बैलांकडे वळला. वडील शेवंतीच्या वाफ्यात होते.

"या बापू. कोंबडा तुमीच देल्ला न?"

"हो काकाजी. चूक झाली माझी. पण तो तिथं अभ्यासच करतो, मी रोज पाहतो."

"अभ्यास करते हे पटते मले. गावभर हिंडनारं पोरगं नाही ते." ते फुलं तोडतच राहिले. "पन मास्तर सकाऊन जादा तास घेते मून सांगतलं त्यानं. मास्तर बलावते मून आमी सोडलं. त्याच्या वाट्याची फुलं त्याच्या मायनं तोडली, एवढ्या थंडीत. अन् तुमच्या मास्तरानं तं बलावलंच नाही."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की मी हॉलभर काय वाचून दाखवलं होतं.

काहीतरी करावं म्हणून मी म्हणालो, "उद्यापासून मी येतो फुलं तोडायला. त्याला परीक्षेपर्यंत सोडा."

त्यांनी टोपली पुढं केली. मी वाकलो, पहिलं फूल ओढलं आणि मुळासकट झाड हातात आलं. दुसऱ्याच्या तीन कळ्या गेल्या.

"ऱ्हाऊ द्या बापू, वाफा मोकळा कराल!" पलीकडच्या वाफ्यातून त्याची आई म्हणाली. ती उठून आली, माझ्या हातातलं झाड घेऊन तिनं परत मातीत दाबलं. मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "मले मालूम व्हतं."

"काय मालूम व्हतं?"

"जादा तास नाही ते. मी देवळापाशी फुलं इकाले जातो तं शायेवरूनच जातो. एकटाच बसून राहे वाचत. मंग हे बापू येऊन बसत."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी धाडलं असतं?"

मुलगा खोटं बोलला यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं, असं मला वाटतं. मग त्यांनी मोटेकडे पाहून हाक दिली, "उद्यापासून जाय शायेत! फुलं तोडून जाय!"

तो आला. पण अकराच्या ठोक्याला. मागचा व्हरांडा सुटला आणि मी देणं लागत असलेलं इंग्रजीही राहून गेलं. मधल्या सुट्टीत शिकवतो म्हणून मी दोनदा म्हणालो, आणि दोन्ही वेळा नाटकाच्या फोटोत उभं राहायला गेलो. त्यानं मला त्या चिठ्ठीबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. माझी भूमिती मात्र त्यानं परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत करून घेतली.

जूनमध्ये निकाल लागला. नागपूरचं वर्तमानपत्र आलं, त्यात माझा नंबर होता, तिसऱ्या श्रेणीत. त्याचा नव्हता. इंग्रजीत गेला, हे नंतर शाळेत कळलं.

मी मळ्यात गेलो. तो वांग्यांच्या वाफ्यांत पाणी फिरवत होता.

"तुहा आला?" त्यानंच विचारलं.

"आला."

"मंग पेढे कुठी हायेत बे?"

पेढे मी आणले नव्हते. ते घेऊन या मळ्यात यायला लाज वाटली होती, आणि आता न आणल्याची वाटली.

त्याचे वडील मला विहिरीपाशी घेऊन गेले. "अजून एक साल बस मनलं त्याले. म्या मनलं, फुलं ऱ्हाऊ दे, सकाऊन शायेत जाऊन बसत जाय पयल्यासारका. नाहीच मनते. मायले किती दिवस राबवू मनते. तुमी सांगून पाहा न, बापू. तुमचं आइकते थो."

मी परत जाऊन बांधावर बसलो आणि बोललो. पुन्हा फॉर्म भरायचं बोललो, मी रोज येऊन इंग्रजी शिकवीन असं बोललो, आणि या वेळी ते खरं होतं. तो ऐकत होता. एक वाफा भरला की माती ओढून दुसऱ्यात पाणी सोडत होता. सगळे वाफे झाले तेव्हा त्यानं फावडं धुतलं आणि आकाशाकडे पाहिलं.

"तू जाय आता," तो म्हणाला. "मामा वाट पायत असतीन. मले सकाऊन मायसंग फुलं तोडाची हायेत."